ड्रेड स्कॉट खटला आणि हॅरिएटचा अर्ज

६ एप्रिल १८४६ रोजी अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या सेंट लुइसच्या कोर्टात गुलामगिरीतून सुटका मागणारे दोन अर्ज दाखल झाले. एक ड्रेड स्कॉट या गुलामाचा, दुसरा त्याची बायको हॅरिएट हिचा. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी फुली.

ड्रेडचा मालक, लष्करी डॉक्टर जॉन इमर्सन याने त्याला आधी इलिनॉयमध्ये, मग उत्तरेला फोर्ट स्नेलिंगवर कामाला ठेवलं होतं. दोन्हीकडे गुलामगिरीला बंदी होती. स्नेलिंगच्या मुलखात ती बंदी १८२० च्या मिसूरी तडजोडीने, म्हणजे गुलामगिरी कुठे चालेल आणि कुठे नाही हे ठरवणाऱ्या कायद्याने, आली होती. ड्रेड आणि हॅरिएटचं लग्नही तिथेच लागलं. ‘एकदा मुक्त तो कायमचा मुक्त’ हे तत्त्व मिसूरीची न्यायालयं १८२४ पासून मानत आली होती आणि त्यावर बरेच गुलाम सुटले होते. म्हणजे ही चांगली जिंकण्याजोगी केस होती.

मुलाचा दर्जा आईवरून ठरे. त्यामुळे एलायझा आणि लिझी या दोन्ही मुलींचं भवितव्य हॅरिएटच्या अर्जावर अवलंबून होतं. तरी १८५० मध्ये ठरलं, की ड्रेडचाच खटला पुढे न्यायचा आणि त्याचा निकाल तिलाही लागू करायचा. इतिहासात तिचं नाव मागे पडलं ते तिथे, आणि याची मला फार चुटपुट लागते.

पहिल्यांदा साक्षीतल्या तांत्रिक त्रुटीमुळे ते हरले. १८५० मध्ये ज्यूरीने त्यांना मुक्त ठरवलं, १८५२ मध्ये मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलीच परंपरा मोडून तो निकाल फिरवला. या वर्षांत शेरीफ त्यांना मजुरीवर पाठवी आणि मजुरीचे पैसे खटला संपेपर्यंत स्वतःकडे ठेवी.

शेवटी खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मार्च १८५७ रोजी वॉशिंग्टनमध्ये तिथले सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी स्कॉटच्या विरोधात सात विरुद्ध दोन मतांचा निकाल वाचला. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, मुक्त असले तरी, देशाचे नागरिक नाहीत. त्यांना केंद्रीय न्यायालयात दाद मागता येत नाही. शिवाय मिसूरी तडजोडच घटनाबाह्य. घटनाकारांच्या मनात काळे लोक नागरिक नव्हतेच, हा टॉनींचा आधार. न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात तो खोडून काढला: घटनेच्या आधीपासूनच पाच राज्यांत मुक्त काळ्यांना मतदानाचा हक्क होता.

मे महिन्यात ड्रेडच्या पहिल्या मालकाच्या मुलाने कुटुंबाला मुक्त केलं. पुढच्याच वर्षी ड्रेड क्षयाने गेला. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी हॅरिएट १८७६ पर्यंत जगली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने टॉनींचा निकाल पुसला, तेव्हा ती नागरिक झाली.