भिंतीवरच्या वाघात वाघ किती?

राजवाड्याच्या भिंतीवरून डरकाळी फोडणाऱ्या वाघात वाघाचं स्वतःचं काय असतं? कातडी, मिशा आणि बहुतेक वेळा दात. डोळे काचेचे, जीभ आणि हिरड्या रंगवलेल्या, नाकावरची ओली चकाकी वार्निशची. आपण सर्रास ‘पेंढा भरलेला’ म्हणतो खरं, पण चांगल्या कामात आत पेंढा नसतोच. कागदाच्या लगद्याचा, प्लास्टरचा किंवा हल्ली फोमचा पुतळा असतो आणि त्यावर कातडी ताणून चिकटवलेली असते. म्हणजे ट्रॉफी, शिकारीची ही आठवण, हे मुळात शिल्प आहे. शिकाऱ्याला ती कशी मांडून हवी, यावर पुढच्या शंभर वर्षांत तिचं काय होणार हे बरंचसं ठरतं.

आतला पुतळा न घडवता नुसतं ठासून भरलं की काय होतं, ते लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या वॉलरसकडे, म्हणजे थंड समुद्रातल्या लांब सुळ्यांच्या प्राण्याकडे पाहून कळतं. कॅनडाच्या हडसन उपसागरातून आणलेलं हे धूड १८८६च्या लंडनमधल्या प्रदर्शनात मांडलं होतं. वॉलरसच्या अंगाला मुळात वळ्या असतात. पण भरणाऱ्या कारागिराने जिवंत वॉलरस कधी पाहिलाच नव्हता. कातडी मावेल तितकं तो भरत गेला आणि सगळ्या वळ्या नाहीशा झाल्या. तो टम्म वॉलरस आज त्या संग्रहालयाचं सर्वांत मोठं आकर्षण आहे!

ही पद्धत बदलण्यात कार्ल एकली या अमेरिकन माणसाचा मोठा वाटा आहे. प्राण्याच्या हाडांच्या मापाने सांगाडा उभा करायचा, त्यावर मातीने एकेक स्नायू घडवायचा, मातीच्या पुतळ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि साच्यातून हलका, पोकळ पुतळा काढून त्यावर कातडी चढवायची. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले त्याचे दोन झुंजणारे आफ्रिकन हत्ती आजही उभे आहेत. आपल्याकडे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबाने साच्यांचं हे काम कारखान्याच्या पातळीवर नेलं. १९००च्या आसपास सुरू झालेला आणि १९९९ मध्ये बंद पडलेला हा कारखाना देशभरातल्या संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या शिकारी हाताळायचा. तिथून सुमारे ४३ हजार वाघ-बिबटे तयार होऊन बाहेर पडले असं सांगतात. आकड्याचा अर्थ नीट लक्षात घेतला की कारागिरीचं कौतुक करताना जीभ जरा अडखळते.

कातडीची खरी लढाई मात्र पुतळ्याच्या कितीतरी आधी, प्राणी पडल्यापासून पहिल्या काही तासांत होते. शरीर गरम असतं, जिवाणू कामाला लागतात आणि केसांची मुळं ज्या थरात रुतलेली असतात तो थर सैल करतात. एकदा ते झालं की कमावताना केस पुंजक्यांनी हातात येतात. त्यावर इलाज नाही. म्हणून कातडी सोलून तिला मीठ चोळतात. मीठ पाणी ओढून घेतं, पाण्याविना जिवाणू थंडावतात. पण जिथे मांस जाड राहिलं असेल तिथे मीठ पोचतच नाही. म्हणून ओठांची कड आतून चिरून उलगडावी लागते, पापण्या खरवडून पातळ कराव्या लागतात आणि कान मोज्यासारखे उलटे करून आतली कूर्चा सुटी करावी लागते. अननुभवी हाताने भरलेल्या डोक्याचे कान वाळल्यावर पिळवटतात, ते इथल्या आळसामुळे. अमेरिकेतले बरेच कारागीर काढलेल्या कूर्चेच्या जागी मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरायची पुटी वापरतात. त्यानंतर आम्लाचं पाणी, मग कमावणं: कातडीतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना एकमेकांशी असं बांधायचं की ते पुन्हा कुजू नयेत.

आता मांडणीकडे. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे शिकाऱ्यापुढे मुख्यतः चार वाटा असतात: पूर्ण प्राणी, खांद्यापासूनचं मुंडकं, जमिनीवरचा गालिचा, किंवा नुसती शिंगांसह कवटी. पूर्ण प्राण्याला जागा आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात. गालिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कमावलेल्या कातडीवर रोज पाय पडले की केस तुटतात आणि दहा-वीस वर्षांत टक्कल दिसू लागतं.

मुंडकं सर्वांत लोकप्रिय आणि चुकायला सर्वांत सोपं. हरणाचा फोमचा पुतळा निवडताना डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंतचं अंतर आणि मानेचा घेर मोजतात. माप चुकलं की कातडी एक तर सुरकुतते किंवा शिवणीत उसवते. डोळ्यांचंही तेच. हरणाची बाहुली आडवी लांबट, वाघाची गोल. घरच्या मांजरासारखी उभी फट बसवली की वाघाचा बोका होतो. आणि तो वासलेला जबडा! वाघ खरंच गुरगुरतो तेव्हा नाकावर आठ्या पडतात, डोळे बारीक होतात, कान मागे चपटे होतात. जुन्या ट्रॉफींमध्ये मात्र कितीदा तरी तोंड चवताळलेलं आणि कान निवांत उभे दिसतात. शिवाय उघडे सुळे कोरड्या-दमट हवेच्या फेऱ्यांत उभे तडकतात. माझ्या मते मिटल्या तोंडाचा वाघ जास्त खरा असतो आणि जास्त टिकतो. शिकाऱ्यांना तो आवडत नसे, कारण त्यात त्यांचं शौर्य दिसत नसे.

टिकण्याच्या बाबतीत कवटीला तोड नाही. फक्त ती उकळत ठेवायची नाही. उकळल्याने चरबी हाडात मुरते आणि कवटी पुढे कायमची पिवळी, तेलकट राहते. घरगुती ब्लीच तर हाड पोखरत राहतं. पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. मांस काढायला संग्रहालयं डर्मेस्टिड नावाचे मांस खाणारे किडे पाळतात. ते नाजूक हाडांना धक्का न लावता कवटी लख्ख करतात. गंमत अशी, की मुंडक्यांना लागणारी कसर बहुतांशी याच कुळातल्या किड्यांच्या अळ्यांची.

शिंगांतही फरक आहे. सांबर-चितळाची शिंगं भरीव हाडाची, गळून पुन्हा उगवणारी. काळवीट-गव्याची शिंगं म्हणजे हाडाच्या खुंट्यावर चढलेलं केराटिनचं, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचं टोपण, जे आयुष्यभर तेच राहतं. केराटिन पचवणारे किडे असतात, त्यामुळे गव्याचं शिंग पोखरलेलं सापडतं आणि शेजारचं सांबराचं शाबूत असतं.

केसांचा रंगही शाश्वत नाही. प्रकाशात रंगद्रव्य विघटित होतं आणि झालेलं नुकसान साठत जातं. दिवा बंद केल्याने भरून येत नाही. म्हणून संग्रहालयं लोकर, पिसांसाठी ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश ठेवतात. थेट उन्हात तो लाखाच्या घरात असतो. न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात उत्तर अमेरिकी सस्तन प्राण्यांचं दालन २०१२ मध्ये नव्याने खुलं झालं, तेव्हा विटलेल्या केसांवर पुन्हा रंग चढवावा लागला होता. आपल्याकडे उन्हाइतकाच पावसाळा वाईट. दमट हवेत कातडी फुगते, उन्हाळ्यात आकसते. काही वर्षांत ओठांशी आणि डोळ्यांशी भेगा पडतात, वर बुरशी.

आणि किडीवरचा जुना उपाय होता सोमल. फ्रान्समधल्या मेत्झच्या बेकूरने अठराव्या शतकात आर्सेनिकचा साबण तयार केला. तो कातडीला आतून फासला की कीड लागत नसे. जगभर तो विसाव्या शतकातही वापरात होता. सोमल उडून जात नाही. म्हणून वाड्यातलं जुनं मुंडकं उघड्या हाताने झाडू नये, मुलांना कुरवाळू देऊ नये. डोळ्यांच्या किंवा शिवणीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर मुळीच नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ट्रॉफी कशी मांडावी हा प्रश्न शिकाऱ्यांपुरता संपला. जंगलात आपोआप गळून पडलेलं सांबरशिंगही घरी आणता येत नाही. कौशल्य मात्र शिल्लक आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये टॅक्सिडर्मी केंद्र, म्हणजे मेलेले प्राणी असे मांडून टिकवण्याचं केंद्र, सुरू झालं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी तिथे वाघ, सिंह, बिबटे उभे केले. ते सगळे नैसर्गिकपणे वा अपघाताने मेलेले, वन खात्याच्या परवानगीने आलेले.

ज्यांच्या घरी आजोबांच्या काळचं मुंडकं आहे, त्यांना मालकीचं प्रमाणपत्र लागतं. विकता येत नाही. वारसाने मिळालं तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद करावी लागते. २०२२च्या दुरुस्तीने ते स्वखुशीने सरकारकडे सोपवण्याची सोयही केली आहे. भरपाई मिळत नाही.