ट्रकचा धूर, सरकारचा पैसा आणि नाशिकचा गाडीमालक

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर भाडं विचारायला गेलं की एजंट आधी विचारतो, "गाडी कोणती भाऊ, थ्री, फोर की सिक्स?" म्हणजे धुराच्या भारत स्टेज (बीएस) मानकांतली कितवी; आकडा जितका मोठा, तितका धूर कमी. पाच-सहा वर्षांपूर्वी हा प्रश्न फक्त गॅरेजवाला विचारायचा, कारण त्याला पार्ट त्याप्रमाणे बसवायचे असत. आता त्यावर भाडं ठरतं. लासलगाव-पिंपळगावचा कांदा दिल्लीच्या आझादपूर मंडीत न्यायचा असेल, तर १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-थ्री आणि त्याआधीच्या मालगाड्यांना तिथे प्रवेश नाही. बीएस-फोरला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे. दुसरीकडे केंद्र सरकार म्हणतं, इलेक्ट्रिक ट्रक घ्या, ९ लाख ६० हजारांपर्यंत मदत करतो. ही बंदी आणि ही मदत एकाच धुरासाठी आहेत. पण त्या दोन वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि ट्रकवाल्याच्या दारात बंदी बरीच आधी पोचली.

सुरुवात इंधनापासून करावी लागते. ट्रकच्या धुरावर देशात पहिली गंभीर मानकं २००० च्या आसपास आली. पुढची वाट ठरवायला रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००३ मध्ये वाहन-इंधन धोरण आलं. त्यात शहरांना एक आणि बाकी देशाला एक अशी दोन मापं होती. २०१० मध्ये १३ शहरांत बीएस-फोर आलं, उरलेल्या देशात बीएस-थ्री. मोटारीला हे चालून गेलं. ट्रकचं तसं नाही. तो मुंबईत डिझेल भरतो, मग धुळ्याला, मग इंदूरच्या पुढे कुठेतरी. बीएस-थ्रीच्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ३५०, बीएस-फोरमध्ये ५०. जास्त गंधकाचं डिझेल नव्या इंजिनाच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेला मानवत नाही. त्यामुळे लांब पल्ल्याचा ट्रक बीएस-थ्रीच राहिला, आणि तोही २०१७ पर्यंत. मुंबई-आग्रा महामार्गावर आजही जो काळा धूर दिसतो, त्यातला बराचसा या सात वर्षांत विकल्या गेलेल्या गाड्यांचा आहे.

मग आला मार्च २०१७. सुप्रीम कोर्टाने २९ मार्चला निकाल दिला की १ एप्रिलपासून बीएस-थ्री गाडी विकायची नाही. तेव्हा कंपन्या आणि विक्रेत्यांकडे मिळून ८ लाख २४ हजार गाड्या पडून होत्या, त्यांतल्या सुमारे ९६ हजार व्यापारी वाहनं. दोन दिवस देशभर सवलतींचा बाजार भरला. दुचाकींच्या रांगांचे फोटो सगळ्यांना आठवतात, पण ट्रकही असेच उचलले गेले. स्वस्तात मिळाला म्हणून हप्त्यावर घेतलेला तो ट्रक आज नऊ वर्षांचा आहे, इंजिन ठणठणीत आहे, आणि दिल्लीच्या वेशीवर त्याला परत फिरवतात.

सरकारने यात पैसा घातला नाही असं नाही. बीएस-फाइव्ह गाळून थेट बीएस-सिक्सवर जायचं जानेवारी २०१६ मध्ये ठरलं आणि सरकारी तेल कंपन्यांनी १० पीपीएमचं डिझेल काढण्यासाठी रिफायनऱ्यांवर हजारो कोटी खर्च केले. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर भरून निघतात ते याच डिझेलचे. १ एप्रिल २०२० पासून नवा ट्रक बीएस-सिक्सच. पंपावर निळ्या झाकणाचे 'युरिया'चे कॅन रचून ठेवलेले दिसतात, ते या गाड्यांचा धूर स्वच्छ ठेवण्यासाठी. ड्रायव्हर त्याला युरियाच म्हणतात. डिझेलच्या टाकीशेजारी त्याची छोटी वेगळी टाकी असते आणि ती रिकामी झाली तर गाडी जोर धरत नाही. थोडक्यात, सार्वजनिक पैसा तेलात गेला, गाडीत नाही.

गाडीमालकाच्या वाट्याला तोवर फक्त वसुली आली होती. महाराष्ट्राने २०१० मध्ये जुन्या वाहनांवर पर्यावरण कर बसवला, मालगाडीला आठ वर्षं झाली की सुरू. दिल्लीने २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून शिरणाऱ्या ट्रककडून पर्यावरण भरपाई शुल्क घ्यायला सुरुवात केली. भाजीपाल्याला त्यातून सूट होती. तीही २०२५ मध्ये काढून घेतली गेली. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या अवजड गाडीच्या पासिंगचा खर्च दीड हजारावरून साडेबारा हजारांवर गेला.

बाहेर मात्र पैसे देण्याची पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये कार्ल मॉयर यांच्या नावाने योजना काढली. कायद्याने जेवढं बंधनकारक आहे त्याहून स्वच्छ इंजिन बसवलंत, तर वरच्या खर्चाचा वाटा सरकार देणार. नवी गाडीच घ्यायला हवी असं नाही. जुन्या गाडीत नवं इंजिन टाकलं तरी चालायचं. २००५ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही डिझेल गाड्यांसाठी अशीच योजना आणली. तिच्यातली एक अट मला फार आवडते: काढलेल्या जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला तीन इंचांचं भोक पाडायचं. कागदावरचा दाखला पुरत नाही, ते इंजिन पुन्हा कुठल्या गाडीत बसणारच नाही याची सोय करायची. आपल्याकडे भंगारातून उठून पुन्हा रस्त्याला लागलेली इंजिनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या भोकाची किंमत वेगळी सांगायला नको.

जर्मनीने २०२१ पासून इलेक्ट्रिक ट्रकच्या जादा किमतीतला ८० टक्क्यांपर्यंत भाग उचलला, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारची निधीची फिरवाफिरवी रद्द केली आणि योजना बंद पडली. चीनने २०२४ मध्ये जुना डिझेल ट्रक मोडून नव्या ऊर्जेवरचा घेणाऱ्याला १ लाख ४० हजार युआनपर्यंत दिले.

भारतात ट्रक खरेदीला सरकारने आधी मदत केली ती धुरासाठी नव्हतीच. मंदीच्या वेळी, २००९ च्या जानेवारीपासून, व्यापारी वाहनांवर ५० टक्के घसारा, म्हणजे गाडीची किंमत घटल्याचा खर्च, करात दाखवायची मुभा दिली गेली. खरा प्रस्ताव मे २०१६ मध्ये आला. ३१ मार्च २००५ पर्यंत घेतलेली सुमारे २ कोटी ८० लाख वाहनं बदलायची आणि त्यासाठी नव्या गाडीच्या किमतीच्या ८ ते १२ टक्के फायदा मिळवून द्यायचा, असा तो मसुदा होता. तो पाच वर्षं फिरत राहिला. १३ ऑगस्ट २०२१ ला स्क्रॅपिंग धोरण, म्हणजे जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण, जाहीर झालं तेव्हा त्यात सरकारकडून थेट रोख पैसा नव्हता. उरली ती मोडीचा दाखला, त्या दाखल्यावर रस्ता करात मालवाहू गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत आणि कंपन्यांना 'सूट द्या' अशी विनंती.

इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनांतही ट्रक मागेच होता. केंद्राच्या २०१९ च्या फेम-टू योजनेचे १० हजार कोटी दुचाकी, तीनचाकी, मोटारी आणि बस यांच्यासाठी होते. ट्रकचं नाव त्यात नव्हतं. ते पहिल्यांदा आलं ते केंद्राच्याच पुढच्या, पीएम ई-ड्राइव्ह या योजनेत, १ ऑक्टोबर २०२४ पासून; सुरुवातीला सांगितलेली ९ लाख ६० हजारांची मदत हीच. एकूण १०,९०० कोटींतले ट्रकला ५००, बसना ४,३९१. नियमावली जुलै २०२५ मध्ये निघाली: साडेतीन ते ५५ टनांचे ट्रक, सुमारे ५,६०० गाड्या, त्यांतल्या ११०० दिल्लीसाठी. सोबत जुनी गाडी मोडल्याचा दाखला हवाच. केंद्राने त्याच वेळी सांगितलं की वाहनांत डिझेल ट्रक ३ टक्के, पण वाहतुकीतून निघणाऱ्या हरितगृह वायूंत त्यांचा वाटा ४२ टक्के. हे आकडे शेजारी ठेवले की योजना किती लहान आहे ते कळतं.

नाशिकच्या नावाने कागदावर बरंच काही आहे. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात शहरात १०० चार्जिंग स्टेशन आणि मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे हे रस्ते चार्जिंगसाठी सज्ज करायचे होते. ऑगस्ट २०२५ पासून समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोल माफ झाला. इगतपुरीला समृद्धीवर चढणाऱ्या इलेक्ट्रिक मालगाडीला मात्र तो भरावा लागतो. का, याचं उत्तर मला तरी पटत नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नाशिक २०१९ पासून आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या पाहणीनुसार या कार्यक्रमाचा ६४ टक्के खर्च देशभरात रस्त्यावरच्या धुळीवर झाला, वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांहून कमी. द्वारका चौकात सिग्नलला थांबलेल्या दहा टायरी गाडीमागे उभं राहिलं की धूळ कुठली आणि धूर कुठला हे नाकाला कळतं.

आता पुन्हा आडगावला. एकाच गाडीचा मालक, तोच ड्रायव्हर, २०१२ चं मॉडेल, तिसऱ्या हाताने घेतलेलं, हप्ते संपलेले. इलेक्ट्रिक ट्रकची किंमत डिझेलच्या दुप्पट-तिप्पट. ९ लाख ६० हजार मिळाले तरी बँक त्याला उभं करत नाही. तो गाडी मोडेल तर लोखंडाचा भाव आणि एक दाखला हाती येईल. हा दाखला विकता येतो. पन्नास गाड्यांचा मालक तो विकत घेऊन आपल्या नव्या ई-ट्रकवर अनुदान उचलू शकतो. योजनेतला जो काही रुपया या माणसापर्यंत येईल तो याच वाटेने, दाखल्याच्या किमतीतून. त्यानंतर त्याला धंद्यासाठी हवी असेल ती सेकंडहँड बीएस-सिक्स, आणि तिच्यासाठी कुठल्याच योजनेत रकाना नाही.

मी होतो त्या दिवशी एजंटाने त्याला दिल्लीचं भाडं दिलं नाही. सुरतेचं दिलं, परतीची हमी नसलेलं. त्याने गाडी चालू केली, एक काळा लोट सोडला आणि तो पेठ रोडकडे निघाला.