कॅम्पस येतोय म्हणे! – बयाणा देण्याआधी वाचायचं पत्रक

आमच्याकडे येणाऱ्या दर चार-पाच ग्राहकांमागे एक जण फोन पुढे करतो. त्यावर फॉरवर्ड होऊन आलेला रंगीत नकाशा असतो, मध्ये एखाद्या बड्या टेक कंपनीचा लोगो आणि त्याला खेटून लाल ठिपका, म्हणजे त्यांनी घ्यायचं ठरवलेला प्लॉट किंवा गाळा. प्रश्न ठरलेला असतो: "हे खरं आहे का? घेऊन टाकू का?"

आम्ही जागेची पडताळणी करून देणारी छोटी फर्म आहोत. कंपनीच्या बोर्डात काय ठरतं ते आम्हाला आतून कळत नाही. पण या कंपन्या कॅम्पससाठी जागा कशी निवडतात आणि निवडल्यावरही किती वेळा माघार घेतात, याचा जाहीर इतिहास मोठा आहे. तो माहीत असला की नकाशावरच्या लोगोची भुरळ निम्म्याने उतरते, म्हणून हे पत्रक.

आधी माणसं, मग जमीन

दलाल सांगतो, "कंपनीला मोकळी जमीन हवी असते, इथे मुबलक आहे." मोकळी जमीन जगात कुठेही मिळते. मिळत नाहीत ती हजारोंच्या संख्येने कामाला घेता येतील अशी शिकलेली, अनुभवी माणसं. कॅम्पस कारखान्यासारखा कच्च्या मालाजवळ जातो, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे इंजिनिअर.

याचा सगळ्यात उघड पुरावा ॲमेझॉनने स्वतःच दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने दुसऱ्या मुख्यालयासाठी जाहीर प्रस्ताव मागवले. गुंतवणूक ५ अब्ज डॉलरहून अधिक आणि नोकऱ्या ५०,०००. उत्तर अमेरिकेतून २३८ स्थळं सांगून आली. अटी मुलाकडच्यांनी घालाव्यात तशाच रोखठोक होत्या: महानगराची वस्ती १० लाखांच्या वर हवी, आंतरराष्ट्रीय विमानतळ ४५ मिनिटांत गाठता यायला हवा, मोठा महामार्ग मैल-दोन मैलांवर हवा आणि मेट्रो, रेल्वे किंवा बस थेट जागेपर्यंत यायला हवी. वर, चांगलं शिकलेलं मनुष्यबळ आणि ते टिकवता येईल असं गाव हवं. सवलतींचीही मागणी होती, पण ती या सगळ्याच्या जोडीने.

मग स्थळांनी काय काय केलं! ॲरिझोनातल्या टूसॉनकरांनी २१ फुटी सग्वारो निवडुंग पाठवला, तो कंपनीने एका संग्रहालयाला देऊन टाकला. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने ३४५ एकर जमीन वेगळी काढून त्या गावाला कंपनीचंच नाव द्यायची तयारी दाखवली. मेरीलँडने ८.५ अब्ज डॉलरचं पॅकेज पुढे केलं, न्यू जर्सीने ७ अब्जांचं. दोघांनाही नकार आला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये निवड झाली ती व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या क्रिस्टल सिटी भागाची आणि न्यूयॉर्कमधल्या लाँग आयलंड सिटीची. क्रिस्टल सिटी म्हणजे माळरान नव्हे. संरक्षण खात्याची ऑफिसं तिथून हलल्यामुळे इमारतीच्या इमारती ओस पडल्या होत्या, मेट्रो दारात होती, विमानतळ चालत जाण्याइतका जवळ होता आणि मागे वॉशिंग्टन महानगराचं शिकलेलं मनुष्यबळ. शिवाय व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने शेजारच्या अलेक्झांड्रियात १ अब्ज डॉलर खर्चून संगणकशास्त्राचा नवा कॅम्पस उभा करायचं जाहीर केलं. पैशाची थैली मेरीलँडकडे मोठी होती, पण पुढच्या २० वर्षांत माणसं कुठून येतील याचं उत्तर व्हर्जिनियाकडे होतं.

सवलतींवर अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की, सवलत मिळाली म्हणूनच कंपनी तिथे आली असं फार तर २ ते २५ टक्के वेळा म्हणता येतं. बाकी वेळा ती तशीही येणारच होती. त्यामुळे "सरकारने करमाफी दिली, आता कंपनी येणारच" हे वाक्य कानावर आलं तर थोडं मीठ लावूनच ऐका.

कंपनीला कंपनीचा शेजार

एकीच्या दारात दुसरी कशी येते ते हैदराबादमध्ये दिसतं. १९९८ मध्ये आयटी कंपन्यांसाठी बांधलेल्या सायबर टॉवर्स या इमारतीचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं विकास केंद्र शहरात आलं. पुढे शहराच्या त्याच पश्चिम अंगाला एकेक नाव येत गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲमेझॉनने ९.५ एकरांवर १५,००० माणसं बसतील असा कॅम्पस उघडला. कारण साधं आहे. नोकरी बदलणाऱ्याला घर बदलावं लागत नसेल तर तो पटकन येतो. शेजारच्या कंपनीतली माणसं ओढता येतात आणि शेजारचाही आपली ओढतो, हे दोघांनी गृहीत धरलेलं असतं.

म्हणून नवा कॅम्पस पुष्कळदा जुन्याच्या जागेवर उभा राहतो. कुपर्टिनोतलं ॲपल पार्क १७५ एकरांवर आहे, त्यातली बरीचशी जमीन ह्यूलेट-पॅकार्डची होती. गूगलचं माउंटन व्ह्यूमधलं मुख्यालय आधी सिलिकॉन ग्राफिक्सचं. फेसबुक २०११ मध्ये मेन्लो पार्कला गेलं ते सन मायक्रोसिस्टिम्स या एकेकाळच्या बड्या संगणक कंपनीच्या आवारात. तिथला दर्शनी फलक जाऊन मागून बघावा असा आहे. पुढे फेसबुकचा अंगठा होता (२०२१ मध्ये कंपनीचं नाव मेटा झालं, तेव्हा तिथे मेटाचं चिन्ह आलं) आणि पाठीमागे सन मायक्रोसिस्टिम्सचं जुनं नाव, तसंच ठेवलेलं. फलक नवा न करता नुसता उलटा फिरवला. बडी कंपनीही संपू शकते हे कामावर येणाऱ्यांच्या लक्षात राहावं म्हणून ठेवला असं म्हणतात. जागा घेणाऱ्यानेही तो लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण लोगो बदलतो, जमीन आणि रस्ते तिथेच राहतात. आम्ही जागा तपासतो ती याच नजरेने: ही कंपनी उद्या गेली तर दुसरी इथे येईल का?

स्टेशन कधी येणार?

१९८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट सिएटलजवळच्या रेडमंडला गेली. त्या कॅम्पसच्या दारात, 'रेडमंड टेक्नॉलॉजी' नावाच्या स्थानकात, पहिली प्रवासी गाडी एप्रिल २०२४ मध्ये आली. मध्ये ३८ वर्षं गेली, आणि ती जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या दारातली गोष्ट.

म्हणून अलीकडे कंपन्या उलटं करतात, रेल्वे आहे तिथे स्वतः जातात. लंडनमध्ये गूगलने किंग्ज क्रॉस स्टेशनच्या अंगालाच जागा घेतली. सॅन होजेतला त्यांचा मोठा आराखडाही डिरिडॉन स्टेशनभोवती आखलेला होता. तेव्हा तुमच्या नकाशात स्टेशन दाखवलं असेल तर पहिला प्रश्न विचारा: गाडी धावते आहे की धावणार आहे?

एका ग्राहकाने आणलेल्या नकाशात कॅम्पसपासून प्लॉटपर्यंत सरळ, रुंद रस्ता होता आणि वर लिहिलं होतं '१० मिनिटं'. आम्ही मूळ फाइल मागवून मोठी करून बघितली. रस्त्याची रेघ सलग नव्हतीच, बारीक तुटक होती. तळाशी सूचीत मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रस्तावित'. आज त्या प्लॉटवरून निघालेला माणूस वळसा घालून पाऊण तासाने पोहोचतो. नकाशा खोटा नव्हता, नीट वाचलेला नव्हता.

घोषणा म्हणजे इमारत नव्हे

ॲमेझॉनच्या गोष्टीचा पुढचा भाग बाकी आहे. लाँग आयलंड सिटीचं नाव जाहीर होताच तिथे फ्लॅटची चौकशी आणि विक्री एकदम उसळली. राज्य आणि शहर मिळून सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती द्यायच्या होत्या, त्यावर स्थानिक लोकप्रतिनिधी आणि संघटना उठल्या. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने ठरलेलं लग्न मोडलं (मुहूर्तही कुठला निवडला बघा). घोषणेपासून माघारीपर्यंत तीन महिने. त्या तीन महिन्यांत ज्यांनी चढ्या भावाने फ्लॅट घेतले, त्यांच्या करारात कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे दाद तरी कोणाकडे मागणार?

आर्लिंग्टनमध्ये पहिला टप्पा खरोखर उभा राहिला, जून २०२३ मध्ये दोन २२ मजली इमारती सुरू झाल्या. पण दुसऱ्या टप्प्याचं काम त्याच वर्षी मार्चमध्ये पुढे ढकललं होतं. म्हणजे मनपसंत स्थळीसुद्धा निम्मं काम थांबलं. २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टने अटलांटातल्या ९० एकरांवरचा कॅम्पस थांबवला. तिथे जमीन विकत घेऊन झाली होती. ॲपलने नॉर्थ कॅरोलायनात २०२१ मध्ये १ अब्ज डॉलरचा कॅम्पस आणि ३,००० नोकऱ्या जाहीर केल्या आणि २०२४ मध्ये मुदत वाढवून मागितली. ऑस्टिनमध्ये मेटाने एका नव्या उंच इमारतीतला अख्खा ऑफिसचा भाग भाड्याने घेतला आणि त्यात पाऊलही न टाकता तो पोटभाड्याने द्यायला काढला.

या कंपन्या बुडीत नव्हत्या. कोविडच्या काळात लोक घरून काम करू लागले, मग नोकरभरती आटली आणि जागेची गरज बदलली, इतकंच. कंपनीच्या दृष्टीने हा हिशेबाच्या वहीतला एक बदल. शेजारी कर्ज काढून गाळा घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो सगळाच हिशेब असतो.

म्हणून आम्ही पायऱ्या बघतो. बातमी ही सर्वांत खालची पायरी. त्यावर सरकारशी झालेला सामंजस्य करार, जो कोणालाच फारसा बांधत नाही. मग जमिनीची नोंदणीकृत खरेदी, मग बांधकाम परवानगी, मग पाया आणि क्रेन, आणि शेवटी वापर परवाना. एका पायरीवरून दुसरीवर जायला वर्षं लागू शकतात. ॲपल पार्कचा प्रस्ताव स्टीव्ह जॉब्ज यांनी कुपर्टिनोच्या नगर परिषदेपुढे स्वतः मांडला तो जून २०११ मध्ये, परवानगी मिळाली २०१३ च्या शेवटी आणि कर्मचारी आत गेले एप्रिल २०१७ मध्ये. तीही कंपनी त्याच गावची आणि जमीन हातात असताना.

सवलत कशी दिली आहे हेही बघण्यासारखं असतं. व्हर्जिनियाने पैसे आधी दिले नाहीत. पहिल्या २५,००० नोकऱ्यांसाठी दर नोकरीमागे २२,००० डॉलर, तेही नोकरी प्रत्यक्ष निर्माण झाल्यावर. असा करार असला तर सरकारी नोंदींतून खरी भरती किती झाली ते वर्षावर्षाला कळतं. आमच्यासाठी ती माहिती दहा बातम्यांहून मोलाची.

खाणावळ, चहा-नाश्ता, किराणा काढणाऱ्यांसाठी

हा भाग आम्ही मुद्दाम वेगळा लिहितोय, कारण इथे फसगत सर्वांत जास्त होते. "१०,००० माणसं येणार, निम्मी तरी माझ्याकडे जेवतील" हा हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण मोठ्या टेक कॅम्पसमध्ये जेवण आतच असतं, पुष्कळ ठिकाणी फुकट. नाश्ता, कॉफी, व्यायामशाळा, दाढी-कटिंगसुद्धा आत. सकाळी कंपनीची बस फाटकातून आत शिरते, संध्याकाळी बाहेर पडते आणि रस्त्यावरच्या दुकानदाराला बसच्या काचा तेवढ्या दिसतात.

हे दुखणं इतकं खरं आहे की माउंटन व्ह्यू शहराने त्यावर नियमच केला. एका नव्या व्यापारी संकुलात फेसबुकचं ऑफिस येणार होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या जेवणाचा निम्म्याहून जास्त खर्च कंपनीने नेहमीच्या नेहमी उचलायचा नाही, अशी अट शहराने परवानगीतच घातली, म्हणजे माणसं खाली उतरून संकुलातल्या उपाहारगृहांत जेवतील. सॅन फ्रान्सिस्कोमध्येही २०१८ साली नव्या ऑफिसांतल्या कँटीनवर बंदी आणायचा प्रस्ताव पुढे आला होता.

तेव्हा खाणावळीसाठी कुंपण घातलेल्या भव्य कॅम्पसशेजारचा गाळा घेण्यापेक्षा, रस्त्याला तोंड असलेल्या आणि चार-पाच मध्यम कंपन्या भाड्याने बसलेल्या इमारतीखालचा गाळा आम्हाला बरा वाटतो. दिसायला कमी रुबाबदार, पण दुपारी एक वाजता माणसं खाली उतरतात. भाड्याची घरं, पाळणाघर, कपडे धुऊन-इस्त्री यांचं गणित वेगळं आहे. तिथे कुंपण आड येत नाही, कारण ही कामं माणूस घरी परतल्यावर करतो. मग कॅम्पस कुठे आहे याच्याइतकंच त्याची बस कुठे थांबते हे महत्त्वाचं ठरतं.

एक गल्लत हमखास होते

'डेटा सेंटर येतंय' म्हणजे 'कॅम्पस येतोय' नव्हे. डेटा सेंटर म्हणजे कंपनीचे संगणक (सर्व्हर) ठेवायची इमारत, आणि ते स्वस्त वीज, पाणी आणि जमीन बघून जातं. गूगलचं ओरेगनमधल्या द डॅल्स या छोट्या गावातलं केंद्र कोलंबिया नदीकाठी आहे, कारण तिथे जलविद्युत आहे. इमारत अवाढव्य असते, गुंतवणुकीचा आकडा छापील जाहिरातीत झळकतो, पण बांधकाम संपल्यावर आत काम करणारी माणसं मोजकीच उरतात. त्यांच्या जिवावर गृहसंकुलं उभी राहत नाहीत. बातमीत नोकऱ्यांचा आकडा नसेल आणि मेगावॉटचा असेल, तर काय समजायचं ते समजा.

आम्ही काय करून देतो

जमीन कंपनीच्या नावावर आहे की तिच्याशी संबंध सांगणाऱ्या भलत्याच कोणाच्या, कॅम्पसची परवानगी कोणत्या पायरीवर आहे, तो स्वतःचा बांधला जातोय की भाड्याने घेतलेला, भाडेकरार असेल तर किती वर्षांचा, रस्ता आणि स्टेशन आज आहे की कागदावर, आणि तुमचा प्लॉट किंवा गाळा स्वतः कायदेशीर आहे का, एवढं आम्ही तपासून लेखी देतो. शेवटचा मुद्दा ग्राहक बहुतेक वेळा विसरतात, लोगोकडे बघता बघता स्वतःच्या जागेची कागदपत्रं बघायची राहून जातात.

भाव किती वाढेल हे आम्ही सांगत नाही, कितीही आग्रह केला तरी.

येताना बयाण्याचा मसुदा सही न करता आणा. नकाशा फॉरवर्ड झालेला नको, विकणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्या. फोनवरच्या फोटोत तळाची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.