उत्तरवयातील दीर्घ पल्ल्याचे पदभ्रमण

तंबू, अंथरूण, शिधा आणि स्वयंपाकाचे साहित्य स्वतःच्या पाठीवर घेऊन कित्येक आठवडे किंवा महिने चालत राहण्याचा छंद आयुष्याच्या उत्तरार्धात, साधारणतः पन्नाशीनंतर किंवा निवृत्तीनंतर, नव्याने अंगीकारणे. एका दिवसाच्या सहलीहून हा प्रकार वेगळा आहे, तो केवळ अंतर मोठे असते म्हणून नव्हे. सहलीनंतर दुखरे पाय घरी विसावतात. येथे त्याच पायांना दुसऱ्या दिवशी तेवढेच ओझे घेऊन निघावे लागते. झीज भरून निघण्याचा वेग वयाबरोबर मंदावत असल्याने या छंदातील बहुतेक निर्णय त्या एका गोष्टीशी येऊन थांबतात.

अशा चालण्यासाठी आखलेल्या वाटांपैकी अमेरिकेतील ॲपालाचियन ट्रेल ही १९३७ मध्ये पूर्ण झालेली वाट १४ राज्यांतून जाते आणि सुमारे ३,५०० किमी लांब आहे. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंतची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुमारे ४,२६५ किमीची, तर न्यूझीलंडमधील ते आरारोआ सुमारे ३,००० किमीची आहे. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे जाणाऱ्या यात्रामार्गांवर मुक्कामाला धर्मशाळा मिळत असल्याने तंबू लागत नाही, म्हणून उशिरा सुरुवात करणाऱ्याला ते अधिक सोयीचे पडतात.

या विषयात सर्वप्रथम घेतले जाणारे नाव एमा गेटवुड यांचे. अकरा मुलांची आई असलेल्या गेटवुड यांनी १९५४ मध्ये उत्तरेकडील मेन राज्याच्या टोकाकडून ॲपालाचियन ट्रेल चालण्याचा प्रयत्न केला. पण त्या वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि वनरक्षकांच्या सांगण्यावरून त्यांना परतावे लागले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ६७ व्या वर्षी, ३ मे रोजी दक्षिण टोकाकडील जॉर्जिया राज्यातून निघून २५ सप्टेंबरला त्यांनी एकटीने ती वाट पूर्ण केली. पायांत कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि पावसासाठी न्हाणीघरातील प्लॅस्टिकचा पडदा एवढाच त्यांचा जामानिमा होता. याकडे बहुधा गमतीचा तपशील म्हणून पाहिले जाते. वास्तविक त्यांच्या यशाचे एक मोठे कारण त्या हलक्या झोळीतच असावे. ही वाट १९४८ मध्ये सलग चालून जाणारे पहिले पदयात्री अर्ल शेफर १९९८ मध्ये, ७९ व्या वर्षी, पुन्हा ती चालले. एम. जे. एबरहार्ट या निवृत्त नेत्रतपासनीसांनी २०२१ मध्ये ८३ व्या वर्षी ती पूर्ण केली, तीही टप्प्यांचा क्रम हवामान पाहून बदलत.

बैठे जीवन जगणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात सुमारे १० टक्क्यांनी घटते. परंतु ओझे घेऊन संथ चालताना ती कमाल क्षमता क्वचितच पणाला लागते, आणि दम तर काही आठवड्यांच्या सरावाने बराच वाढतो. खरी अडचण वेगळीच आहे. स्नायू आठवड्यांत बळावतात, पण कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर) आणि हाडे यांना त्यासाठी महिने लागतात. त्यामुळे चालण्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, अंगात जोर आल्यासारखे वाटू लागते तेव्हाच, रोजचे अंतर एकदम वाढवले जाते आणि टाचेमागची कंडरा किंवा तळव्याचा पट्टा दुखावतो. तरुणाला चार दिवसांची विश्रांती पुरते तेथे साठीच्या माणसाची कित्येकदा सगळी मोहीमच संपते. म्हणून आरंभीचे अनेक दिवस १०-१२ किमीवरच थांबणे, आणि निघण्यापूर्वी काही महिने भरलेली सॅक घेऊन चढ-उतार करणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. चढावर दम लागतो, पण गुडघे बोलू लागतात ते उतारावर. कारण तेथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा आणि सॅकचा भार आवरून धरतात. दोन्ही हातांतल्या काठ्या या भाराचा काही वाटा हातांवर घेतात आणि तोलही सांभाळतात. उताराला त्या किंचित लांब कराव्या लागतात.

अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाच्या वजनाला मूळ वजन म्हणतात. ते सुमारे ९ किलोंच्या आत असल्यास सामान हलके, आणि साडेचार किलोंच्या आत असल्यास अतिहलके समजले जाते. वजन घटवताना पहिला विचार तंबू, झोपायची पिशवी आणि खुद्द सॅक या तिघांचा करावा. दातघासणीचा दांडा कापण्याची हौस नंतर भागवता येते. मात्र वाचायचा चष्मा एकच घेऊन वजन वाचवू नये. दिवसेंदिवस चालून पाय सुजतात व पसरतात, त्यामुळे बूट नेहमीपेक्षा अर्ध्या ते एका मापाने मोठे घेतात.

वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे लागते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी उन्हात चालण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलणे आवश्यक असते. रक्तदाब व हृदयविकारावर दिली जाणारी बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे नाडीचा वेग रोखून धरतात, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेता येत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, ही कसोटी तेथे अधिक भरवशाची. वय वाढले म्हणून उंचीचा त्रास अधिक होतोच असे नाही. तथापि हृदय व फुप्फुसांचे जुने विकार उंचीवर डोके वर काढू शकतात, आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये हा नियम सर्व वयांना सारखाच लागू आहे.

संपूर्ण वाट एका हंगामात चालण्याऐवजी दरवर्षी एक तुकडा पूर्ण करण्याची पद्धतही रूढ आहे. प्रत्येक वर्षी शरीराला नव्याने सरावावे लागते हा तिचा तोटा. पण दुखापत बरी होण्यास मधले महिने मिळतात. गेटवुड यांनीही १९५७ मध्ये ही वाट दुसऱ्यांदा सलग चालून झाल्यावर तिसरी फेरी अशी तुकड्यातुकड्यांनीच पुरी केली.