‘नाही’ म्हटल्यावर आधी आवाज वाढतो

गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात घरोघरी पाहुणे असतात, आणि त्यातलाच बायकोचा एखादा मावसभाऊ चहा पिता पिता म्हणतो, "दाजी, पतसंस्थेचं कर्ज काढतोय, जामीनदार म्हणून तुमची एक सही लागती बघा." सही द्यायची नसते, पण तोंडातून निघतं "बघू की", आणि पाहुणा ते ‘हो’ समजून घरी जातो. 1872 च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरलीय, त्याने हप्ते थकवले की वसुलीवाले तुमच्याही दारात. हे माहीत असून माणूस गप्प का बसतो?

कारण तोंडावर नाही म्हणणं भयंकर अवघड असतं. 2008 मध्ये फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक या संशोधकांनी लोकांना अनोळखी माणसांकडून फॉर्म भरून घ्यायला पाठवलं. पाच जण तयार व्हायला साधारण 20 जणांना विचारावं लागेल असा पाठवलेल्या लोकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात 10 च्या आसपास विचारूनच काम झालं. म्हणजे समोरचा किती अडकलाय हे मागणाऱ्याला कळतच नाही. हे अनोळखी लोकांचं, मग मेव्हण्याचं काय घेऊन बसलात!

बरं, नकाराची भीती आपण जरा फुगवतोही. ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांच्या 2023 च्या अभ्यासात आमंत्रण नाकारणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा बोलावणारे कमी नाराज झाले. पण ते आमंत्रणाचं झालं, पैशाच्या मामल्यात राग खराच येतो असं मला वाटतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत उंदराला दांडी दाबली की खाऊ मिळायचा. खाऊ बंद केला की उंदीर लगेच सोडून देत नाही, आधी जास्तच जोरात दाबतो आणि मग हळूहळू थांबतो, आणि मधेच कधीतरी खाऊ मिळत राहिला तर तो फार चिवट होतो. आता ‘नाही’ म्हटल्यावर येणारे पाहुण्याचे फोन आठवा. "दाजी, तुम्ही लय बदललात", मग सासूबाईंकरवी निरोप, मग बायकोकडे रडारड. पाचव्या फोनला विरघळलात तर पाहुणा शिकतो की पाच फोन करायचे असतात.

म्हणून पहिल्यालाच "मी कुणालाच जामीन राहत नाही" एवढंच सांगायचं. कारणं सांगत बसलात की एकेक कारण तो खोडून काढतो, आपल्याकडे त्यात सगळे वकील. मात्र घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर हे एकट्याने करून बघू नका, तिथं आवाजावर थांबत नाही, बायकांसाठी 181 हेल्पलाइन आहे.

बाकी पाहुण्याशी अबोला धरायची गरज नाही. त्याचा फोन उचला, हुरड्याला बोलवा, पोराच्या अॅडमिशनला सोबत जा, फक्त सहीचा विषय निघाला की उत्तर तेच.