द सोशल नेटवर्क

द सोशल नेटवर्क (२०१०) : फेसबुक कंपनीचा जन्म आणि तिच्या मालकीवरून झालेली भांडणे यांवरील अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, पटकथाकार आरन सॉर्किन. बेन मेझरिक यांच्या ‘द अ‍ॅक्सिडेंटल बिलियनेअर्स’ (२००९) या पुस्तकावर तो आधारलेला आहे. मात्र पुस्तक छापून येईपर्यंत सॉर्किन थांबले नाहीत. मेझरिक यांचा चौदा पानी आराखडा हाती आला तेव्हा तिसऱ्या पानावरच त्यांनी होकार कळवला. पुढे पुस्तक आणि पटकथा जवळपास बरोबरीनेच लिहून झाली.

कथा २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सुरू होते. मार्क झकरबर्ग (जेसी आयझेनबर्ग) या विद्यार्थ्याला त्याची मैत्रीण एरिका (रूनी मारा) सोडून जाते. त्याच रात्री तो वसतिगृहाच्या खोलीत बसून ‘फेसमॅश’ उभे करतो : मुलींची दोन छायाचित्रे शेजारी ठेवायची आणि यातली देखणी कोण ते लोकांना विचारायचे. क्रमवारीसाठी लागणारे, बुद्धिबळपटूंच्या एलो गुणांकनाचे सूत्र त्याचा मित्र एदुआर्दो सॅव्हरिन (अँड्र्यू गारफिल्ड) खिडकीच्या काचेवर लिहून देतो. विद्यापीठाचे नेटवर्क बंद पडते आणि मार्कचे नाव सर्वतोमुखी होते. ते ऐकून विंकलव्हॉस हे जुळे नौकापटू भाऊ आणि त्यांचा भागीदार दिव्य नरेंद्र आपल्या नियोजित संकेतस्थळाचे काम त्याच्याकडे सोपवतात. मार्क त्यांना झुलवत ठेवतो आणि ४ फेब्रुवारी २००४ रोजी स्वतःचे ‘द फेसबुक’ सुरू करतो. पुढे नॅपस्टर या इंटरनेटवर गाणी वाटून घेण्याच्या सेवेचा सहसंस्थापक शॉन पार्कर (जस्टिन टिंबरलेक) येऊन मिळतो, बिऱ्हाड कॅलिफोर्नियात पालो आल्टोला हलते, आणि सुरुवातीचे पैसे घालणाऱ्या एदुआर्दोचा हिस्सा नव्या समभागांच्या वाटपात ०.०३ टक्क्यांवर येतो.

ही हकिकत प्रेक्षकाला सरळ क्रमाने मिळत नाही. मार्कवर दोन दिवाणी दावे लागले आहेत, एक विंकलव्हॉस बंधूंचा आणि एक एदुआर्दोचा, आणि वकिलांच्या टेबलाभोवती चाललेल्या जबान्यांतून भूतकाळ उलगडत जातो. न्यायाधीश कुठेच नाही, निकालही नाही. एकजण काही सांगतो, समोरचा ते खोडून काढतो, आणि कोणाचे खरे मानायचे हे चित्रपट ठरवून देत नाही. संगणकावर टंकणारी बोटे दिसतात खरी, पण संहितेचा जीव वाटणीच्या भांडणात आहे. मराठी प्रेक्षकाने याला भाऊबंदकी म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. जमिनीच्या जागी इथे कल्पना आहे, आणि कल्पनेचा सातबारा निघत नाही.

पटकथा १६२ पानांची होती. पानाला एक मिनिट या रूढ हिशेबाने ती पावणेतीन तासांच्या घरात गेली असती. फिंचर यांनी नटांना इतक्या वेगाने बोलायला लावले की चित्रपट दोन तासांत आटोपला. एरिकाबरोबरच्या पहिल्याच प्रसंगाचे ९९ टेक घेतल्याचे सांगतात. जुळ्या भावांचे काम आर्मी हॅमर या एकट्याने केले. दुसऱ्या भावाच्या जागी जॉश पेन्स हा नट वावरला आणि नंतर संगणकाच्या साहाय्याने त्याच्यावर हॅमरचा चेहरा बसवला गेला. भारतीय वंशाच्या दिव्यच्या भूमिकेसाठी मॅक्स मिंगेला या ब्रिटिश नटाची निवड झाली, त्यावर टीकाही झाली. हार्वर्डने आवारात चित्रीकरणाची परवानगी दिली नाही, म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा काही भाग हार्वर्ड म्हणून दाखवला आहे.

ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांचे संगीत थंड, यांत्रिक गुणगुणीवर बेतलेले आहे. पियानोची एक साधी सुरावट पुनःपुन्हा येते आणि प्रत्येक वेळी अधिक दुरून आल्यासारखी वाटते. मार्कच्या एकटेपणावर इतके नेमके भाष्य संवादांतही नाही. चित्रपटाला ८ ऑस्कर नामांकने मिळाली. आधारित पटकथा, संकलन आणि संगीत यांचे पुरस्कार लाभले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मात्र ‘द किंग्ज स्पीच’कडे गेला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याचा समावेश झाला.

वास्तवाशी ताडून पाहिले तर तपशील बरेच जुळतात, हेतू जुळत नाही. विंकलव्हॉस बंधूंशी २००८ मध्ये रोख रक्कम व समभाग मिळून ६.५ कोटी डॉलरची तडजोड झाली होती, आणि सॅव्हरिन यांचे नाव सहसंस्थापक म्हणून पुन्हा लागले. पण एरिका हे पात्र कल्पित आहे, आणि प्रेमभंग व श्रीमंत मुलांच्या क्लबांबद्दलची असूया ही चित्रपटाने पुरवलेली प्रेरणाही झकरबर्ग यांना मान्य नाही. प्रिसिला चॅन या त्यांच्या पुढे पत्नी झालेल्या मैत्रिणीला चित्रपटात स्थानच नाही. प्रदर्शनानंतर झकरबर्ग यांनी कर्मचाऱ्यांना सोबत नेऊन चित्रपट पाहिला आणि एका बाबतीत निर्मात्यांना पूर्ण गुण दिले : पडद्यावरचे टी-शर्ट आणि जॅकेट अगदी त्यांच्या कपाटातलेच होते.