रेस्पाइट केअर : बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठीची अल्पकालीन निवासी सेवा

घरी आईवडिलांजवळ किंवा भावंडांजवळ राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रौढ व्यक्तीची काही तास, एखादी रात्र किंवा एक-दोन आठवडे दुसरीकडे नीट सोय करणे आणि तेवढ्या काळात घरच्यांना उसंत मिळवून देणे, याला रेस्पाइट केअर म्हणतात. ब्रिटनमध्ये हल्ली ‘शॉर्ट ब्रेक’ असेही म्हटले जाते. आईचे ऑपरेशन, घरातले लग्नकार्य, कोणाचे आजारपण किंवा वर्षानुवर्षे रात्रीची सलग झोप न मिळाल्याने आलेला थकवा, अशी त्यामागची कारणे असतात. कायमस्वरूपी निवासी संस्थेहून ही सेवा वेगळी आहे. इथे येणारा माणूस परत घरी जाण्यासाठीच येतो.

ही सेवा मंजूर होते ती बहुधा घरच्यांची दमछाक पाहून. अनोळखी खोलीत झोपावे लागते ते मात्र दुसऱ्याच व्यक्तीला. तिला तिथे भीती वाटली, जेवण गेले नाही किंवा दिवसभर टीव्हीसमोर बसवून ठेवले, तर घरच्यांनाही विश्रांती लाभत नाही. त्यांचा जीव फोनपाशी अडकून राहतो. त्यामुळे वर्षाला किती रात्री मिळाल्या, या आकड्यावरून सेवेचा दर्जा कळत नाही. प्रशासन मोजते ते मात्र बहुतेक वेळा तेवढेच.

ब्रिटनमधील वाटचाल

दुसऱ्या महायुद्धानंतरची बरीच वर्षे ब्रिटनमध्ये अशी तात्पुरती सोय मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतच होत असे. कार्डिफच्या ईली या बौद्धिक दिव्यांगांच्या रुग्णालयातील गैरवर्तनाचा चौकशी अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७१ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने रुग्णालयांतील खाटा कमी करून वस्तीतच सेवा उभारण्याचे धोरण मांडले. पुढे साध्या वस्तीतली, मोजक्या खोल्यांची घरे या कामासाठी वापरात आली. ‘शेअर्ड लाइव्ह्ज’ या पद्धतीत तर पारखून घेतलेले एखादे कुटुंबच पाहुण्याला आपल्या घरी ठेवून घेते. गर्दी आणि गोंगाट सहन न होणाऱ्यांना ती विशेष मानवते.

दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी इंग्लंडमध्ये २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि स्थानिक परिषदांना, म्हणजे तिथल्या पालिकांना, अशा सेवांची व्यवस्था ठेवावी लागते. अठरा वर्षे पूर्ण झाली की ते छत्र जाते. प्रौढांच्या बाबतीत २०१४ च्या केअर अ‍ॅक्टचा आधार घ्यावा लागतो. त्यात सांभाळणाऱ्याच्या गरजांचे स्वतंत्र मूल्यांकन करून घेण्याचा हक्क आहे, पण ठरावीक रात्रींची हमी नाही. मुलगा मोठा होतो, वजनाने जड होतो, आईवडील साठी-सत्तरीकडे झुकतात आणि नेमकी तेव्हाच सोय आटते. बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या मेन्कॅप या ब्रिटिश संस्थेने २००३, २००६ आणि २०१३ मध्ये ‘ब्रेकिंग पॉइंट’ नावाचे अहवाल काढून कुटुंबांची ही ओढाताण सातत्याने मांडली.

दर्जा कशावरून ओळखावा

केअर क्वालिटी कमिशन ही इंग्लंडमधील नियामक संस्था केंद्रांची तपासणी करून चार श्रेणींपैकी एक देते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेनुसार बदलते का आणि तिचे नेतृत्व चांगले आहे का, हे तिचे पाच प्रश्न. तपासणी पथकात काही वेळा स्वतः अशा सेवा घेतलेल्या व्यक्तीही असतात. ही श्रेणी पालकांना उपयोगी पडते, पण ती केंद्राला मिळालेली असते. आपल्या माणसाला ते केंद्र मानवेल का, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. ते उत्तर मुक्कामाच्या आधीच्या तयारीत शोधावे लागते.

चांगल्या केंद्रात कोणी पहिल्याच दिवशी बॅग घेऊन रात्रीसाठी दाखल होत नाही. आधी एका संध्याकाळी चहाला, मग जेवणापर्यंत, मग एका रात्रीपुरते, अशी ओळख वाढवत नेतात. घरच्यांकडून घ्यायची माहितीही औषधांच्या यादीवर थांबत नाही. पाणी हवे असेल तर तो कोणती खूण करतो, झोपताना दिवा चालू लागतो का, दुखत असेल तर रडतो की गप्प होतो, कोणत्या आवाजाने बिथरतो, हे सगळे छोट्या पुस्तिकेत लिहून त्याच्याबरोबर पाठवतात. तिला ‘कम्युनिकेशन पासपोर्ट’ म्हणतात. पण पुस्तिका कपाटात आणि रात्रपाळीला एजन्सीने आयत्या वेळी पाठवलेला नवा माणूस, अशी स्थिती असेल तर लिहिलेले वाया जाते. ओळखीचे कर्मचारी टिकून राहणे ही माझ्या मते दर्जाची सर्वांत भक्कम खूण. ते टिकण्यासाठी पगार आणि पाळ्या धड असाव्या लागतात.

आरोग्याच्या बाबतीत धोका दडलेला असतो तो एका हातातून दुसऱ्या हातात जबाबदारी जाताना. ज्याला फिट येतात त्याला आंघोळीच्या टबात एकटे सोडायचे नाही, फिट थांबली नाही तर द्यायचे औषध कुठे ठेवले आहे आणि ते कधी द्यायचे, रात्रीचा कर्मचारी जागा असणार की बोलावल्यावर उठणार, हे आधी ठरलेले असावे लागते. गिळायला त्रास असलेल्यांच्या घशात घास अडकू शकतो. त्यासाठी अन्न आणि पेय यांचा दाटपणा ० ते ७ अशा पातळ्यांत सांगणारी आंतरराष्ट्रीय पद्धत वापरली जाते. ‘मऊ भात’ म्हणजे नक्की किती मऊ, हा वाद मग उरत नाही. बद्धकोष्ठाकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. तीन दिवस केंद्रात नोंद नाही, घरी परतल्यावर कोणी विचारले नाही, आणि बोलून सांगता न येणाऱ्या माणसाचे दुखणे वागण्यातला बिघाड समजले जाते. येताना-जाताना औषधे मोजून घेणे आणि अंगावरच्या खरचटण्या-वळांची नोंद दोघांनी मिळून करणे, यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. त्यामुळे केंद्राचेही रक्षण होते.

बरोबर कोण राहणार, हेही तेवढेच महत्त्वाचे. शांतता हवी असलेल्याच्या शेजारच्या खोलीत रात्रभर ओरडणारा सोबती आला, तर दोघांचेही हाल होतात. त्यात आणखी एक कायमची अडचण असते. एखाद्याची आई अचानक वारली की त्याला तातडीने त्याच केंद्रात आणतात, पुढची सोय होईपर्यंत तो महिनोन्‌महिने तिथेच राहतो आणि इतरांच्या ठरलेल्या तारखा रद्द होतात. तातडीच्या खाटा वेगळ्या ठेवल्याशिवाय हे टळत नाही.

बोलू न शकणाऱ्याचे मत त्याच्या वागण्यातून घ्यावे लागते. बॅग दिसताच कपडे आणून देणारा आणि गाडीचे दार उघडताच जमिनीवर बसून घेणारा, दोघेही आपला अभिप्राय स्पष्ट देत असतात. तो लिहून ठेवणाऱ्या केंद्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हिलिंग्डन प्रकरण

लंडनच्या हिलिंग्डन परिषदेचे प्रकरण या सेवेच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. डिसेंबर २००९ च्या अखेरीस आजारी आणि थकलेल्या वडिलांनी आपल्या ऑटिस्टिक, बौद्धिक दिव्यांग मुलाला काही दिवसांसाठी केंद्रात पाठवले. परिषदेने त्याला दुसऱ्या केंद्रात हलवले आणि वडील परत मागत असतानाही डिसेंबर २०१० पर्यंत घरी पाठवले नाही. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांची प्रकरणे पाहणाऱ्या कोर्ट ऑफ प्रोटेक्शन या न्यायालयाने जून २०११ मध्ये निकाल दिला की परिषदेने त्याच्या स्वातंत्र्याच्या आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्कांचा भंग केला. सुरक्षेच्या नावाखाली परिषदेने परतीची वाटच अडवली होती. परतीची तारीख लेखी असणे, ती बदलायची तर कोणाच्या अधिकारात हे आधी स्पष्ट असणे, हा तेव्हापासून दर्जाचाच भाग मानायला हवा.

भारतातील स्थिती

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या २८ व्या कलमात गरिबीत राहणाऱ्या दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांना द्यायच्या साहाय्यात रेस्पाइट केअरचा थेट उल्लेख आहे. त्याआधीच, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी न्यास स्थापण्याची तरतूद केली. कुटुंबावर संकट आल्यास नोंदणीकृत संस्थांमार्फत गरजेनुसार सेवा मिळावी, हे त्याच्या उद्दिष्टांतच आहे. न्यासाची ‘समर्थ’ योजना निराधार व्यक्ती, अडचणीतली कुटुंबे आणि अल्प उत्पन्न गट यांच्यासाठी रेस्पाइट निवासाची, तर ‘घरौंदा’ प्रौढांच्या आयुष्यभराच्या निवासाची होती; पुढे या दोन्ही एकत्र करण्यात आल्या. ‘सहयोगी’ योजनेत देखभाल करणाऱ्यांना प्रशिक्षण दिले जाते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संस्थांना नोंदणी बंधनकारक केली.

महाराष्ट्रात पालकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा आहे. बदलापूरची पालकांनीच उभारलेली ‘आधार’ किंवा पुणे जिल्ह्यातील कोळवणचे ‘साधना व्हिलेज’ यांसारखी निवासस्थाने त्याच चिंतेतून पाहिली जातात. चार दिवसांच्या सोयीची मागणी मात्र आया करतच नाहीत. मागितली तर लेकराला टाकले असे लोक म्हणतील, ही धास्ती असते. पूर्वी मावशी-आत्याच्या घरी अशी सोय आपसूक होई. आता दोन खोल्यांच्या घरांत ती उरलेली नाही. पनवेलजवळच्या एका निवासी संस्थेतील अत्याचार २०११ मध्ये उघड झाल्यावर पालकांची भीती वाढली, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. तरीही आईवडील धडधाकट असतानाच अधूनमधून एक-दोन रात्री बाहेर राहण्याची सवय लावणे फार मोलाचे आहे. नाहीतर घराबाहेरची पहिली रात्र आई गेल्याच्या दिवशीच येते. ज्यांना बाहेरचा मुक्काम झेपतच नाही, त्यांच्यासाठी प्रशिक्षित माणसाने घरी येऊन राहणे हा दुसरा मार्ग आहे. त्यात व्यक्ती स्वतःच्याच अंथरुणात झोपते आणि गावाला जाऊन येतात ते घरचे.